लेकीला ६४ टक्के आणि म्हणे ‘छान’! – ब्रिटिश डिग्रीचे वर्ग कसे लावतात?

गोदाकाठ
मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. लेक इंग्लंडात बी.एस्सी. इकॉनॉमिक्स करते आहे. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला, सरासरी ६४. बाईसाहेब खूश, मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायला गेल्या. इकडे नाशिकला घरात सुतकी कळा. दहावीला ९५ आणि बारावीला ९२ मिळवणारी मुलगी ६४ वर आली म्हणजे परदेशाच्या हवेने बिघडली, असं तिच्या आत्याचं ठाम मत आहे. लेक फोनवर म्हणते, “आई, मी टू-वनमध्ये आहे, टेन्शन घेऊ नकोस.” पहिल्या वर्षाचे मार्क धरतच नाहीत असंही म्हणते. हे खरं आहे की मला गुंडाळते आहे? ज्यांची मुलं तिकडे शिकली किंवा जे स्वतः तिकडे शिकवतात, त्यांनी सविस्तर लिहा. फी कशी भरतोय ते आमचं आम्हाला माहीत.

अर्धाकप
मोक्याची जागा धरून बसलो आहे. आत्याबाई आवडल्या.

टेम्सतीर
गोदाकाठताई, लेक खरं बोलते आहे. ६४ चांगले आहेत.

तिकडच्या ऑनर्स डिग्रीला गुणपत्रिकेवरच्या आकड्यापेक्षा वर्ग महत्त्वाचा. ७० आणि वर फर्स्ट. ६० ते ६९ अप्पर सेकंड, बोलताना टू-वन. ५० ते ५९ लोअर सेकंड, म्हणजे टू-टू. ४० ते ४९ थर्ड. त्याच्याही खाली काठावर राहिलेल्याला ऑनर्सशिवाय नुसती डिग्री मिळू शकते. (टू-टूला पोरं ‘डेस्मंड’ म्हणतात, आर्चबिशप डेस्मंड टूटूंच्या नावावरून. हे आत्याबाईंना सांगू नका.)

आता मुख्य गोम. हे ७० म्हणजे ‘तीस मार्क गेले’ असं नसतं. मी इथे बरीच वर्षं शिकवतोय. निबंधवजा उत्तर तपासायला घेतलं की आधी मनात वर्ग ठरतो, आकडा नंतर. वर्गात शिकवलेलं नीट समजलंय, मुद्दे क्रमाने आलेत, वाचनही केलंय, तर तो टू-वन. त्यापलीकडे जाऊन मुलाने स्वतः काही ताडून पाहिलं, दोन सिद्धान्त एकमेकांवर घासून बघितले, तर फर्स्ट. ८० च्या वरचा निबंध वर्षात एखादा हाती लागतो आणि त्याची स्टाफरूममध्ये चर्चा होते. शंभर कोणी कोणाला देत नाही.

बऱ्याच विभागांत आकड्यांच्या पायऱ्याच ठरलेल्या असतात. टू-वन द्यायचा असेल तर ६२, ६५ किंवा ६८. ६९ द्यायची मुभा नाही. मुलाला रेषेवर लोंबकळत ठेवायचं नाही, अलीकडे किंवा पलीकडे टाकून मोकळं व्हायचं. गणित किंवा इंजिनिअरिंगला हे लागू नाही. तिथे उत्तर बरोबर आलं की मार्क मिळतात, ८५-९० सर्रास दिसतात. तुमच्या लेकीच्या विषयात दोन्ही प्रकार असतात. इकॉनॉमेट्रिक्सच्या, म्हणजे अर्थशास्त्रातल्या आकडेमोडीच्या, पेपरात ८१ आणि आर्थिक इतिहासाच्या निबंधात ६२, अशी एकाच मुलीची गुणपत्रिका मी दर वर्षी बघतो. आईवडिलांना वाटतं इतिहास कच्चा राहिला. मुलगी दोन्हीकडे सारखीच असते.

पहिल्या वर्षाचंही खरं आहे. इंग्लंडात तीन वर्षांच्या ऑनर्सला ३६० क्रेडिट्स, वर्षाला १२०. पहिलं वर्ष पास व्हावंच लागतं, पण बहुतेक ठिकाणी अंतिम वर्गात ते धरत नाहीत.

गोदाकाठ
टेम्सतीर, मनापासून आभार. जीव भांड्यात पडला. पण मग दुसऱ्या वर्षाचे ६४ असताना तिला फर्स्ट मिळू शकतो का? तिसऱ्या वर्षी किती पाडायला हवेत?

टेम्सतीर
ते कुठे शिकते आहे त्यावर आहे, आणि ही या पद्धतीतली सगळ्यात विचित्र गोष्ट. वर्गांची नावं देशभर एक, पण ते काढायचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं आपापलं.

समजा, तिसऱ्या वर्षी तिला ७२ पडले. जिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं वजन ४०:६० आहे, तिथे सरासरी येते ६८.८. टू-वन. जिथे १:२ आहे तिथे ६९.३. तरीही टू-वन. ३०:७० असेल तर ६९.६, आणि तिथल्या नियमात ६९.५ च्या पुढे ७० धरायचे असं लिहिलेलं असेल तर फर्स्ट, नसेल तर नाही. २०:८० असेल तर सरळ ७०.४, फर्स्ट. मुलगी तीच, मार्क तेच.

याशिवाय काठावरच्यांसाठी आणखी एक नियम बऱ्याच ठिकाणी असतो. सरासरी ६८ किंवा ६९ च्या घरात असेल आणि निम्म्याहून जास्त क्रेडिट्समध्ये ७० च्या वर मार्क असतील, तर वरचा वर्ग देतात. काही विद्यापीठं सगळ्यात कमी मार्कांचं मॉड्यूल, म्हणजे विषय, वगळतात, काही वगळत नाहीत. लेकीला म्हणावं, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘असेसमेंट रेग्युलेशन्स’ असतात, ते आताच वाचून काढ. निम्मी मुलं ते मे महिन्यात उघडतात.

आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रबंधावर लक्ष ठेवायला सांगा. तो बहुधा ३० किंवा ४० क्रेडिट्सचा असतो. ४० चा असेल तर वर्षाचा तिसरा हिस्सा त्या एकाच वहीत. सुपरवायझरच्या ठरलेल्या भेटी असतात; आपली मुलं संकोचाने जात नाहीत, ‘सरांना कशाला त्रास’ म्हणून. तिकडे न जाणाऱ्याला कोणी शोधत येत नाही.

भटक्या७४
तिसऱ्या वर्षाचा प्रबंध उशिरा दिल्याने आमच्या पुतण्याचा वर्ग गेला. रोज पाच मार्क कापायचे. तीन दिवस उशीर, ७१ चे ५६. आजारी होता, पण सर्टिफिकेट आणून वेळेत फॉर्म भरला नाही. कोणाला दोष देणार!

टेम्सतीर
भटक्या, वाईट वाटलं. ते आजारपणाचे फॉर्म मुदतीआधीच भरायचे असतात, निकाल लागल्यावर कोणी ऐकत नाही. नापास झालेला पेपर पुन्हा दिला तरी बहुतेक ठिकाणी कितीही चांगला लिहा, हाती ४० च पडतात.

नवीमुंबईकर
मग रिव्हॅल्युएशनला टाकायचा ना पेपर. आमच्या वेळी फोटोकॉपी मागवून १४ मार्क वाढवून घेतले होते.

टेम्सतीर
तिकडे ती सोय नाही. ‘मला जास्त मार्क मिळायला हवे होते’ या कारणावर अपीलच होत नाही. परीक्षकाचं मत हे परीक्षकाचं मत, त्याला हात लागत नाही. प्रक्रियेत चूक झाली, बेरीज चुकली, आजारपणाचा अर्ज बघितलाच नाही, अशा मुद्द्यांवर दाद मागता येते. विद्यापीठात निभाव लागला नाही तर इंग्लंड-वेल्समध्ये ‘ओआयए’ नावाची स्वतंत्र तक्रार यंत्रणा आहे. पण तीही मार्क योग्य की अयोग्य यात पडत नाही.

त्याऐवजी चाळणी आधीच लावलेली असते. पेपरवर नाव नसतं, नुसता नंबर. एकाने तपासलेल्या गठ्ठ्यातले नमुने दुसरा बघतो: सगळे फर्स्ट, सगळे नापास आणि मधले काही, असं साधारण. मग दुसऱ्या विद्यापीठातला बाहेरचा परीक्षक येतो. शेवटी जूनमध्ये एक्झाम बोर्ड बसतं आणि एकेक नंबर पुढे सरकतो. मी अशा बैठकांना बसलोय. ६९.४ वाल्या नंबरवर सगळे थबकतात, नियमाचं पान उघडलं जातं आणि दोन मिनिटांत निकाल लागतो. पूर्वी म्हणे तिथे ‘मुलगा हुशार आहे हो’ असं म्हणून वर ढकलता यायचं. आता सॉफ्टवेअर सांगतं तेच.

खडूफळा
चर्चा वाचतोय. निवृत्त प्राध्यापक असल्याने राहवत नाही, थोडं अवांतर.

महाराष्ट्राचा आणि या वर्गवारीचा संबंध जुना आहे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत, तिला ते ट्रायपॉस म्हणतात, पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणायचे, अजूनही म्हणतात. दुसऱ्या वर्गातले सीनियर ऑप्टिमी, तिसऱ्यातले ज्युनियर ऑप्टिमी. पूर्वी तिथे वर्गाबरोबर क्रमांकही जाहीर व्हायचा. पहिला आलेला तो सीनियर रँग्लर, आणि ऑनर्समध्ये शेवटचा आलेल्याला मित्रमंडळी भला थोरला लाकडी चमचा बहाल करायची. १८९९ मध्ये दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले, बर्टविसल नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर विभागून. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि आयुष्यभर ‘रँग्लर परांजपे’ राहिले. त्यांच्यानंतर रँग्लर महाजनी. आपल्याकडे परीक्षेतला वर्ग रावबहादूर असल्यासारखा नावाच्या आधी लागला, हे माझ्या मते इंग्लंडातही फारसं घडलं नसेल.

तो क्रमांक जाहीर करणं १९०९ नंतर बंद झालं. कारण ऐकण्यासारखं आहे. मुलं गणित शिकायचं सोडून शर्यतीची तयारी करत. खासगी शिकवण्या, ठरावीक गणितांचा रट्टा, कोण पहिला येणार याच्या पैजा. कोटाच्या क्लासवाल्यांनी नवीन काहीच शोधलेलं नाही.

आणि जवाहरलाल नेहरू १९१० मध्ये केंब्रिजहून विज्ञानाची ट्रायपॉस उत्तीर्ण झाले ते दुसऱ्या वर्गात. आत्याबाईंसाठी हा मुद्दा राखून ठेवा.

अर्धाकप
खडूफळा सर, तुमच्या प्रतिसादासाठी धागा वसूल.

पण मला मूळ पद्धतच पटत नाही. ६९.४ आणि ६०.१ दोघं टू-वन, आणि ५९.४ चा टू-टू. पहिल्या दोघांत नऊ मार्कांचं अंतर, तरी एकाच डब्यात. दुसऱ्या-तिसऱ्यात पाऊण मार्क, तर एकाचं करिअर मार्गी आणि दुसऱ्याचा अर्ज कचऱ्यात. आणि असले डबे लावणारे लोक आपल्या टक्केवारीला हसतात.

भटक्या७४
अर्धाकप, करिअर मार्गी वगैरे जरा जुनं झालं. मी लंडनला भरतीच्या कामात होतो. एके काळी मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट भरतीत टू-वन नसेल तर ऑनलाइन फॉर्म पुढे सरकायचाच नाही. मग ईवाय या बड्या ऑडिट कंपनीने २०१५ मध्ये ती अट काढली, तसल्याच पीडब्ल्यूसीने २०२२ मध्ये. आता बरेच जण स्वतःच्या चाचण्या घेतात. अर्थात सगळ्यांनी अट काढलेली नाही. पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीला तर बहुतेक ठिकाणी फर्स्ट किंवा निदान टू-वन अजून मागतात. पण टू-टू म्हणजे आयुष्य संपलं, असं आता कोणी म्हणत नाही. शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर प्रशिक्षणासाठीची सरकारी मदत, बर्सरी, टू-टूवरही मिळते.

शिकून झाल्यावर तिथे राहून काम करायचा जो ग्रॅज्युएट व्हिसा आहे, त्याला वर्ग विचारत नाहीत. डिग्री पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने कळवलं की झालं.

अर्धाकप
कंपन्यांनी अट काढली ती काय माणुसकी म्हणून? फर्स्टची खैरात झाली म्हणून. २०१०-११ ला फर्स्टवाले साधारण १६ टक्के होते, २०२०-२१ ला एक तृतीयांशाच्याही वर. दहा वर्षांत पोरं दुप्पट हुशार झाली?

टेम्सतीर
आकडे बरोबर आहेत, पण २०२०-२१ हे कोविडचं वर्ष होतं. तेव्हा विद्यापीठांनी ‘मुलांचं नुकसान होणार नाही’ असे नियम केले, त्यामुळे फुगवटा आला. नंतर टक्का खाली उतरला, तरी २०१० च्या पातळीला काही गेला नाही. फी वाढली, मुलं जास्त मेहनत करतात, हेही खरं. विद्यापीठांनी सूत्रं सैल केली, हेही खरं. माझ्या विभागात मी दोन्ही बघितलंय, आणि कोणतं किती ते वेगळं काढता येत नाही म्हणून वाद मिटत नाही.

तुमचा डब्यांचा आक्षेप मात्र अधिकृतपणे मांडून झालाय. २००७ मध्ये बर्जेस समितीने अहवालात साफ म्हटलं की एका शब्दात विद्यार्थ्याचं मोजमाप करणारी ही पद्धत आता पुरेशी नाही. त्यातून सविस्तर प्रगतिपुस्तकासारखी कागदपत्रं निघाली. विद्यापीठं ती देतात, कोणी वाचत नाही. सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात: फर्स्ट की टू-वन?

सुलक्षणा_ग्लासगो
सगळे ‘ब्रिटिश’ म्हणत इंग्लंडचंच सांगताय. स्कॉटलंडला ऑनर्स चार वर्षांची. तीन वर्षांत बाहेर पडलं तर ऑर्डिनरी डिग्री, आणि ती नापासांची नसते, बरेच जण ठरवून घेतात. जुन्या विद्यापीठांत कला शाखेच्या पहिल्या डिग्रीचं नावच एम.ए. माझ्या सासूबाईंनी आख्ख्या सांगलीत ‘सून बारावीनंतर चार वर्षांत एम.ए. झाली’ म्हणून पेढे वाटले होते. मी काही बोलले नाही.

ग्लासगोला टक्के नसतातच, ए१ पासून खाली उतरणारी २२ गुणांची श्रेणी. सेंट अँड्र्यूजला २० पैकी. तिथे कोणाच्या लेकीला १५ मिळाले तर सुतक पाळू नका, तोही टू-वनच.

खडूफळा
एम.ए. वरून आठवलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे बी.ए. झालेले लोक काही वर्षं थांबून, परीक्षा न देता एम.ए. लावू शकतात. दाराशी मेलेलं कुत्रंसुद्धा एम.ए. झालं असतं, असं आमचे एक सर वैतागून म्हणायचे.

नवीमुंबईकर
आमच्याकडची बहुतेक मुलं मास्टर्सला जातात, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. तिथे फर्स्ट-सेकंड नसतात. ७० च्या वर डिस्टिंक्शन, ६० च्या वर मेरिट, ५० च्या वर पास. आणि पासिंगच ५० ला, ४० ला नाही, हे आपल्या पोरांना पहिल्या असाइनमेंटला कळतं.

माझ्या भाचीची अडचण वेगळीच. तिला मास्टर्सला ५३ आहेत, पास. नोकरी होती, मजेत होती. आता परत येऊन इथे प्राध्यापक व्हायचंय. त्यासाठीच्या ‘नेट’ या पात्रता परीक्षेला खुल्या प्रवर्गाला मास्टर्सला ५५ टक्के लागतात. तिचे ५३. आता त्या ५३ चं काय करायचं?

टेम्सतीर
हा प्रश्न खरोखर अवघड आहे. तिथले ५३ आणि पुण्यातले ५३ एका मापाचे नाहीत, पण नियमात नुसता आकडा लिहिलेला असतो. परदेशी डिग्रीला आपल्याकडे समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं, ते घेताना ट्रान्सक्रिप्टबरोबर विद्यापीठाचं गुणांची श्रेणी समजावणारं पत्रकही जोडावं. तरी ५३ चे ५५ कोणी करून देईल असं धरून चालू नका. जाहिरात निघण्याआधी लेखी विचारून घ्या.

एक जुनी भीती मात्र कमी झाली आहे. एका वर्षाच्या ब्रिटिश मास्टर्सला भारतात मान्यता नाही, असं पूर्वी ऐकायला यायचं. जुलै २०२२ मध्ये दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या पदव्या मानायचा करार केला, त्यात ते मास्टर्स बसतं. मेडिकल, इंजिनिअरिंग, कायदा, फार्मसी, आर्किटेक्चर त्यातून बाहेर ठेवलेत.

भटक्या७४
मेडिकलचं निघालं म्हणून: तिकडच्या एमबीबीएसला फर्स्ट-सेकंड नसतं. पास, फार तर ऑनर्स नाहीतर काही विषयांत डिस्टिंक्शन. डॉक्टर टू-टू होता का असं विचारायची सोय नाही.

कोकणचा_मेवा
उशिरा आलो, पण प्रश्न तातडीचा आहे. मुलाचं पुणे विद्यापीठाचं बी.कॉम., ५७ टक्के, मार्कशीटवर स्पष्ट ‘हायर सेकंड क्लास’. मास्टर्सच्या पानावर लिहिलंय की अप्पर सेकंड हवा. म्हणजे चाललं ना? एजंट म्हणतो चाललं, अर्जाची फी भरा.

टेम्सतीर
थांबा, फी भरू नका. पुण्याचा हायर सेकंड ५५ ते ६० चा, तो तिकडचा अप्पर सेकंड नाही. प्रत्येक ब्रिटिश विद्यापीठाच्या संकेतस्थळावर देशावार पान असतं, त्यात भारत काढा. टू-वनच्या बदल्यात तुमच्याकडून किती टक्के हवेत ते तिथे आकड्यात लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ६० मागतात, काही ठिकाणी ५५ वर घेतात, काही ठिकाणी कोणत्या विद्यापीठाची डिग्री आहे त्यावर आकडा बदलतो. टू-टू चालणारे अभ्यासक्रमही भरपूर आहेत, तिथे ५७ वर अडचण येऊ नये. एजंटला सांगू नका, मुलालाच अॅडमिशन ऑफिसला दोन ओळींची ईमेल करायला सांगा. सहाही सेमिस्टरच्या मार्कशीटचं स्कॅन जोडायचं आणि विचारायचं, एवढ्यावर अर्ज विचारात घ्याल का. आठवडाभरात उत्तर येतं.

कोकणचा_मेवा
मुलगा ईमेल लिहितोय. एजंटने दोनदा फोन केला, उचलला नाही.